भस्माआधी समेट



येत्या बुधवारी आपण कपाळी भस्म लावून उपवासकाळात प्रवेश करू. त्याआधीचे हे दिवस गोव्यात कार्निव्हलचे. टीव्हीवर ती मिरवणूक दिसली की कामावरचे मित्र हटकून विचारतात, "तुमचाच सण ना हा?" आपण काहीतरी पुटपुटतो. हा ख्रिस्ती धार्मिक सण नव्हे, असे गोव्याच्या महाधर्मप्रांतानेच वेळोवेळी स्पष्ट केले आहे. तरी त्याचा जन्म उपवासकाळाच्या उंबरठ्यावरच झाला. पुढे चाळीस दिवस मांस वर्ज्य, म्हणून आधी पोटभर खाऊन-पिऊन घ्यायचे, ही युरोपातली जुनी रीत. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली. कोकणीत तिला 'इंत्रूज' म्हणतात.

काही वर्षांपूर्वी माझी थोरली ताई, दाजी आणि भाचरे यांच्याबरोबर मी पणजीला ही मिरवणूक पाहिली. पिशवीत सोलापूरहून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि आम्ही मांडवीकाठच्या रस्त्याला दोरीमागे उभे. गर्दीचे काही वाटले नाही; गड्ड्याच्या जत्रेत फिरलेल्याला गर्दीचे काय! सजवलेल्या गाडीवरून किंग मोमो आला. खा, प्या, मजा करा, असा त्याचा हुकूम. मागून नाचणारी मंडळी. दाजी जरा अवघडले. फादर झालेल्या मेव्हण्याबरोबर हे पाहावे की नाही, असा प्रश्न त्यांना पडला असावा. एवढ्यात मुखवटा घातलेला एक मुलगा दोरीखालून आला आणि त्याने माझ्या दोन्ही गालांना रंग फासला. मी हसलो. भाची म्हणाली, "धाकट्या मामालापण आणायला पाहिजे होतं."

मी गप्प झालो. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी माझे चार वर्षे बोलणे नव्हते. अनोळखी मुखवट्याकडून रंग लावून घेणारा मी, पाठच्या भावाचा फोन उचलत नव्हतो. त्या वर्षी मी भस्म लावले, मांस सोडले, चौदा मुक्कामांची क्रूसाची वाट केली. फोन केला नाही.

मोमो हे नाव मूळचे ग्रीक. जुन्या ग्रीक कथांत मोमोस हा सगळ्यांची टिंगल करणारा देव. ग्रीस देशातही उपवासकाळापूर्वी असाच उत्सव असतो. पात्रा नावाच्या बंदराच्या शहरात तो सर्वांत मोठा. शेवटच्या रविवारी मोठी मिरवणूक निघते आणि रात्री बंदरावर कार्निव्हलच्या राजाचा पुतळा जाळतात. तेथील ऑर्थोडॉक्स बांधवांचा उपवास बुधवारी नव्हे, सोमवारीच सुरू होतो. पण मला त्यांची दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या रविवारचे त्यांचे नावच 'क्षमेचा रविवार'. संध्याकाळच्या प्रार्थनेत चालू उपासनेतच धर्मगुरूंची उजळ वस्त्रे उतरतात, गडद वस्त्रे येतात. शेवटी धर्मगुरू लोकांची क्षमा मागतात आणि लोक एकमेकांची. मगच उपवास सुरू होतो. आपल्याकडे एका बाजूला मिरवणूक, दुसऱ्या बाजूला भस्म, आणि मधली ही पायरी ज्याने त्याने आपल्या मनाने चढायची. बहुतेकजण चढत नाहीत. मीही चढलो नव्हतो.

पात्रा हे परंपरेनुसार संत आंद्रेयाच्या हौतात्म्याचे ठिकाण. त्याच्या मस्तकाचा पवित्र अवशेष 1462 साली रोमला नेला गेला होता. 1964 साली पोप सहावे पौल यांनी तो पात्राच्या ऑर्थोडॉक्स चर्चला परत पाठवला. त्याच वर्षी डिसेंबरात हे पोप मुंबईला आले होते; आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. पुढच्या वर्षी, 1965 साली, रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी 1054 मधील परस्परांवरील बहिष्काराची वचने मागे घेतली. नऊशे अकरा वर्षांनी! सगळे मतभेद आजही मिटलेले नाहीत. तरी अवशेष आधी परत गेला. सगळा हिशेब पुरा होण्याची वाट कोणी पाहिली नाही.

बंधुभगिनींनो, मिस्सेत शांतीचिन्ह देताना कोण कोणाकडे वळत नाही, हे वेदीवरून स्पष्ट दिसते. कुठे भिंतीचा वाद, कुठे लग्नात झालेला अपमान, कुठे आजारपणात भेटायला न आलेला दीर. कारणे खरीच असतात. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, हे प्रभूने संत मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. तिथे चूक कोणाची, हे त्याने विचारलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, एवढे त्याला पुरते. ज्या घरात मारहाण होते तिथे गुपचूप परत जा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अशा बहिणींनी माझ्याशी किंवा सिस्टरांशी बोलावे.

दुसऱ्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री मी भावाला फोन केला. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग त्याने विचारले, "जेवलास का?" घराची वाटणी अजून व्हायची आहे.

मंगळवारी संध्याकाळी मी पापनिवेदनासाठी मंदिरात बसेन. गेल्या वर्षीच्या झावळ्या त्याच वेळी आणा. दाराजवळ टोपली ठेवली आहे. त्यांचेच भस्म होणार आहे. येताना एखाद्या घरी थांबायचे असेल तर थांबा. उशीर झाला तरी मी दार लावणार नाही.

तुमचा धर्मगुरू