आतला मळ : हेडलाइट आणि अंतःशुद्धीचा प्रश्न

मोटारीच्या हेडलाइटचा उजेड मंदावला, तर मळ दोन ठिकाणी असू शकतो. बाहेरच्या अंगाला उन्हाने पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर झिजतो आणि प्लास्टिक पिवळे पडते. बारीक पॉलिश पेपर आणि पॉलिश वापरून ते घासून काढता येते. आतल्या अंगाला धूळ, बाष्प आणि वाळलेल्या पाण्याचे डाग साचतात आणि तिथवर हात पोहोचत नाही. उदाहरणार्थ, खामगावात दोन्ही प्रकारच्या मळाला वाव आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, काळ्या मातीची धूळ उडते आणि पावसाळ्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर पुढच्या ट्रकचे चिखलपाणी मागच्या गाडीवर येते. बाहेरून लख्ख पुसलेला दिवा आतून धुरकट असू शकतो, ही गोष्ट भारतीय धर्मविचाराने माणसाच्या बाबतीत फार पूर्वी ओळखली आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत पाच नियमांपैकी पहिला नियम शौच हा आहे. या सूत्रांवरचे व्यासभाष्य शौचाचे दोन भाग करते. माती, पाणी आणि पवित्र आहार यांनी होते ते बाह्य शौच. चित्तातले मळ धुणे हे आंतर शौच. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये शुचित्वाचे विवरण येते. शुद्ध माणूस कापरासारखा आतबाहेर एकच असतो, असे तिथे म्हटले आहे. आत शुद्धी नसताना बाहेरून केलेले कर्म म्हणजे सजवलेले प्रेत, असा कठोर दृष्टांतही ज्ञानेश्वर देतात. दोन्ही ग्रंथ बाह्य शौच टाकून देत नाहीत. ते पुरेसे नाही, एवढेच सांगतात.

आतली शुद्धी प्रत्यक्षात कशी साधते, याचा क्रम जैन तत्त्वज्ञानाने सर्वांत काटेकोरपणे मांडला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सात तत्त्वे आहेत : जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा आणि मोक्ष. कर्मपुद्गल, म्हणजे कर्माचे सूक्ष्म कण, आत येणे हा आस्रव, ते जीवाला चिकटणे हा बंध, येण्याची वाट रोखणे हा संवर आणि चिकटलेले झडून जाणे ही निर्जरा. संवर आधी आणि निर्जरा नंतर, या क्रमामागचे कारण हेडलाइट साफ करताना सहज कळते. बल्ब काढून मागच्या भोकातून सौम्य साबणाचे पाणी घातले, हलवून ओतून टाकले आणि आतला भाग पूर्ण वाळवला की दिवा स्वच्छ दिसतो. पण पुढची पॉलिकार्बोनेटची काच आणि मागचा खोका यांच्यामधला सीलंट फाटलेला असेल किंवा मागचे रबरी झाकण नीट बसलेले नसेल, तर पहिल्याच पावसात पाणी पुन्हा आत येते. वाट उघडी ठेवून केलेल्या धुण्याला अंत नसतो. पश्चात्तापाने मन हलके झाले, पण ज्या सवयीतून दोष घडला ती तशीच राहिली, तर तेच होते.

मग सगळ्या वाटा कायमच्या बुजवाव्यात का? हेडलाइटमध्ये ते चालत नाही. दिवा लागला की आतली हवा तापून प्रसरण पावते, विझला की आकुंचन पावते. म्हणून कंपनी मागे हवा खेळण्यासाठी बारीक मार्ग ठेवते. थंड रात्री काचेवर आलेले आणि दिवा लावल्यावर काही वेळाने जाणारे हलके धुके हा बिघाड नसतो. संवराच्या साधनांमध्येही मन, वाणी आणि शरीर यांच्या निग्रहाच्या तीन गुप्तींच्या जोडीला पाच समिती आहेत. चालणे, बोलणे, भिक्षा घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे आणि मलविसर्जन या क्रिया थांबवायच्या नाहीत, सावधपणे करायच्या आहेत. जगाशी संबंध तोडणे आणि तो गाळून घेणे यांत फरक आहे. देह आहे तोवर साधकालाही हा दुसरा मार्ग टाळता येत नाही.

शुद्धीच्या साधनालाही मर्यादा असते. हेडलाइटच्या परावर्तकावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो जोराने घासला तर निघून येतो. थिनर किंवा ॲसिटोन वापरले तर पॉलिकार्बोनेट कायमचे खराब होते. मळ जाण्याऐवजी प्रकाश परतवणारा भागच जातो. देहदंडाच्या टोकाला जाऊन बुद्धांनी तो मार्ग सोडला, त्यामागे हाच विवेक दिसतो. योगसूत्रेही चित्त निर्मळ करण्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या भावना सुचवतात.

मळ गेल्याने प्रकाश निर्माण होतो का, हा शेवटचा प्रश्न. स्वच्छ केलेली काच उजेड देत नाही. दिव्याचा उजेड अडवणे ती थांबवते. शंकराचार्यांची भूमिका अशीच आहे : निष्काम कर्माने चित्तशुद्धी होते, मोक्ष ज्ञानानेच मिळतो आणि आत्मा मुळातच स्वयंप्रकाश आहे. जैन मतातही अनंत ज्ञान हा जीवाचा स्वभाव असून कर्म ते झाकते. मात्र मळ कोण काढतो, याबाबत मार्ग वेगळे होतात. जैन साधक स्वतःच्या तपावर विसंबतो. वेदान्तात कर्माने तयार झालेल्या चित्तात गुरूचा उपदेश अज्ञान दूर करतो. भक्तिमार्गात, खामगावहून जवळच्या शेगावला संत गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारा भाविक नामस्मरण आणि संतकृपा यांवर भर देतो. काच स्वतःला पुसू शकत नाही, मन मात्र पुसणारे आणि पुसले जाणारे अशी दोन्ही कामे करते. त्यामुळे हा मतभेद हेडलाइटच्या दृष्टांताने सुटत नाही. वाट रोखल्याशिवाय धुणे टिकत नाही, याबाबत मात्र तिन्ही मार्गांचे आचरण जुळते : व्रत, वैराग्य आणि सत्संग ही त्या वाटेवरच्या पहाऱ्याचीच नावे आहेत.