कुणी झिजायचं?

आपल्याकडे माणूस निवृत्त झाला किंवा देवाघरी गेला, की ‘ते आयुष्यभर चंदनासारखे झिजले’ असं कुणीतरी बोलतंच. अशी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. दोन-तीन ठोकलीही आहेत. पण वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात माझ्या मित्राचं छोटंसं वर्कशॉप आहे. तिथे जाऊन बसायला लागल्यापासून झिजण्याबद्दल मी जरा जपूनच बोलतो.

मित्राचं शेपर मशीन वयानं त्याच्याहून वडील आहे. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. पार्ट मागणार कुणाकडे? मग घरीच करायचा. वालीव, सातिवली, गोखिवरे, कुठल्याही जुन्या गाळ्यात डोकवा, हाच संसार दिसेल. मिस्त्री भंगारातून गनमेटलचा तुकडा शोधून आणतात, लेथच्या चकात धरतात, आणि चहा येईपर्यंत बुश तयार!

बुश म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची बांगडी. आणि गनमेटल म्हणजे नावाप्रमाणे तोफांचा धातू. १०० भागांत ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. चिमाजी अप्पांनी १७३९ साली तोफा डागून जी वसई घेतली, त्याच वसईत आता हा धातू दुसऱ्याला न मारता स्वतःच मुकाट्यानं झिजतो. माणसाची प्रगती म्हणतात ती हीच असावी.

एकदा मित्राला काटकसरीचा झटका आला. म्हणाला, “मिस्त्री, सारखे सारखे बुश कसले करता? पोलादाचा ठोकून द्या एक. दहा वर्षं बघायला नको.”

मिस्त्री साताऱ्याकडचे. चष्म्यावरून बघत म्हणाले, “देतो की. पण मग शाफ्ट झिजंल. बुश तासाभरात होतोय, शाफ्टला आठवडा घालवावा लागंल. कुणी झिजायचं ते आधी ठरवा, शेठ.”

हे वाक्य घेऊन मी विरार लोकलमध्ये शिरलो. त्या गाडीत बसून विचार करायची सोय नाही. उभ्या उभ्या होईल तेवढाच. कुणी झिजायचं, हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं. ठराव होत नाही, मतं मोजली जात नाहीत. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जी पातेल्यात डोकावून बघते, ती त्या घरातली गनमेटलची. ऑफिसातही हिशेब जुळेपर्यंत थांबणारा एकच असतो. बाकीचे शाफ्ट! ते जोरात फिरतात, म्हणून कारखाना त्यांच्यामुळे चालतो असं त्यांना वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी मऊ असल्याशिवाय गाडा चालायचा कसा? खरं आहे. पण मिस्त्री बुश मऊ करून थांबत नाहीत. ५० मिलीमीटरच्या शाफ्टसाठी ते भोक साधारण ५ शतांश मिलीमीटर मोठं ठेवतात. आत तेलासाठी चर काढतात. ही केसाएवढी मोकळीक कशाला? बीचम टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८८३ साली रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर त्यातून तेल उसळून वर आलं. त्यानं लाकडी खुंटी ठोकली. तेलानं तीही बाहेर ढकलली! म्हणजे आस तेलाच्या पातळशा थरावर तरंगत होता. धातूला धातू लागतच नव्हता. तेल असलं, की मऊ बुशही सहसा झिजत नाही.

म्हणूनच बुश अकाली झिजला, तर मिस्त्री त्याच्या त्यागावर भाषण करत नाहीत. ते ओरडून विचारतात, “तेल कुणाकडं होतं रे?”

चंदनाची गोष्ट वेगळी. उगाळल्याशिवाय गंध मिळत नाही, आणि सहाणेवर तेल घालून चालत नाही. पण घर म्हणजे सहाण नव्हे. तेलाचा डबा बहुतेक घरांत फळीवर असतोच. तो काढायला उठायचं कुणी, एवढाच प्रश्न असतो.