पत्ता तोच, घर निराळे

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट आपण हाताने झटकतो. त्याला पंख किती, हे कोण मोजतो? जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी कॅलिफोर्नियात जन्मभर तेच मोजले. एका जनुकसमूहातले काही बदल एकत्र आणले, की दोन पंखांच्या चिलटाला चार पंख फुटतात. त्याच घराण्यातले दुसरे एक जनुक भलत्या ठिकाणी जागे झाले, तर डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवतात. मला नवल वाटते ते या पायांच्या नीटसपणाचे. बिघाड म्हटला की लोळागोळा व्हायला हवा. इथे पाय सांध्यांसकट धड असतो, फक्त त्याची जागा चुकलेली असते.

१९८४ साली बाझलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि त्याच सुमारास अमेरिकेत इंडियानामध्ये उलगडले, की या जनुकांत १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखा आहे. त्यातून प्रथिनाचा ६० अमिनो आम्लांचा भाग बनतो. तो डीएनएला पकडतो आणि इतर जनुके चालू-बंद करतो. हाच तुकडा पुढे बेडकात, उंदरात, माणसात सापडला. माणसाकडे अशी ३९ ‘हॉक्स’ जनुके आहेत, चार रांगांत. रांगेतला क्रमही साधारण शरीराचाच: डोक्याकडची एका टोकाला, शेपटीकडची दुसऱ्या.

१९९० मध्ये उंदराचे असे एक जनुक चिलटात घालून पाहिले. मिशांच्या जागी पाय आला तो चिलटाचाच, उंदराचा नव्हे. मला सगळ्यात बोलका वाटतो तो हा प्रयोग. चिलटाचा आणि उंदराचा समाईक पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून जपून ठेवलेल्या या प्रथिनाला पाय कसा करायचा हे ठाऊकच नाही. ते फक्त पत्ता सांगते: तू शरीराच्या अमुक भागात आहेस. तिथे काय उभारायचे, ते ऐकणाऱ्या पेशीने आपल्या वंशाच्या रीतीने ठरवायचे. म्हणून ‘अमक्या गुणाचे जनुक सापडले’ अशा बातम्या वाचल्या की मी वैतागतो. आपल्याकडे ‘रक्तातच आहे’ म्हणण्याची हौस आधीच दांडगी, त्यात ही भर.

पत्ता क्षुल्लक असतो असे मात्र नव्हे. माणसात एचओएक्सडी१३ या हॉक्स प्रथिनात ॲलॅनिन हे अमिनो आम्ल १५ वेळा सलग येते. ती माळ काही मण्यांनी लांबली, की बोटे जास्तीची येतात आणि एकमेकांना जुळतात.

पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ट्राबायथोरॅक्स नावाच्या, याच घराण्यातल्या प्रथिनाचा दीर्घ अभ्यास केला. चिलटात पंखांची मागची जोडी जिथे व्हायची, तिथे हे प्रथिन पंख होऊ देत नाही. त्या जागी मुद्गलासारखे दोन इवले अवयव तयार होतात. फुलपाखराच्या मागच्या पंखातही हेच प्रथिन असते, तरी तिथे ऐसपैस, रंगीत पंख उलगडतो. सांगणारा तोच, ऐकणारा निराळा. आणि चिलटाचे ते खुरटलेले मुद्गल काढून टाकले, तर उरलेले दोन्ही पंख शाबूत असूनही त्याला उडताना तोल सावरता येत नाही.