हरवलेली पत

काही महिन्यांपूर्वी अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या एका भाचीने फोनवर एक प्रश्न विचारला. पतीचे दीर्घ आजारपण, रुग्णालयाची बिले आणि थकलेले हप्ते यांमुळे त्या कुटुंबाची पत पार ढासळली होती. भाड्याने घर मिळेना, गाडीसाठी कर्ज मिळेना. अशातच एका मोठ्या कापड दुकानात तिला सांगण्यात आले, ‘आमचे क्रेडिट कार्ड घ्या. आजच्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळेल आणि तुमची पतही सुधारेल.’ ती म्हणाली, ‘मामा, कर्जाने पोळलेल्या माणसाने विश्वास परत मिळवण्यासाठी पुन्हा उधारीच करावी, हे बरोबर आहे का?’

प्रश्न पैशाचा वाटतो. पण मुळात तो विश्वासाचा आहे. ‘क्रेडिट’ हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे, आणि आपण उपासनेत म्हणतो त्या विश्वासांगीकाराचे ‘क्रेडो’ हे लॅटिन नावही त्याच मुळाचे. अमेरिकेत मात्र हा विश्वास आकड्यात मोजला जातो. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था प्रत्येकाच्या देण्याघेण्याची नोंद ठेवतात. त्या नोंदींवरून ३०० ते ८५० पर्यंतचा गुणांक निघतो. त्यात सर्वाधिक वजन, सुमारे ३५ टक्के, वेळेवर परतफेड करण्याला आहे. सुमारे ३० टक्के वजन किती देणे शिल्लक आहे याला आहे. ज्याने कधीच उधार घेतले नाही त्याला गुणांकच नसतो. ऋणमुक्त माणूसच अनोळखी ठरावा, ही गोष्ट आपल्याला विचित्र वाटते.

तरीही तिच्यात काही तथ्य आहे. काही सोपवल्याशिवाय विश्वासूपणा कळत नाही. थोडक्यात विश्वासू राहणाऱ्यावर अधिक सोपवले जाते, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभूने शिकवले आहे. दुकानाचे कार्ड हे असेच ‘थोडके’ असते. ते बहुधा त्याच दुकानात चालते, त्याची मर्यादा लहान असते, आणि पत ढासळलेल्या माणसालाही ते पुष्कळदा मिळते. तेव्हा ते घेणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच, की ते कशासाठी घ्यायचे.

कारण दुकानदार आपल्या उद्धारासाठी कार्ड देत नाही. आपण अधिक खरेदी करावी म्हणून देतो. अशा अनेक कार्डांचा व्याजदर वर्षाला ३० टक्क्यांच्या घरात आहे. २०० डॉलरच्या खरेदीवर दहा टक्के सूट म्हणजे २० डॉलर. पण ती रक्कम थकली तर महिन्याला सुमारे ५ डॉलर व्याज चढते, आणि चार महिन्यांत सूट संपते. काही कार्डांवर ठरावीक मुदतीपर्यंत व्याज नाही असे सांगतात. परंतु मुदतीअखेर थोडीशी बाकी राहिली, तरी खरेदीच्या दिवसापासूनचे व्याज आकारले जाते. मर्यादा ३०० डॉलरची असेल तर १५० डॉलरच्या खरेदीनेच ती निम्मी भरते आणि गुणांक खाली येतो. शिवाय प्रत्येक नव्या अर्जाचीही नोंद होते. म्हणून दुकानोदुकानी अर्ज करणे अहिताचे.

मी भाचीला म्हटले, ‘ज्या दुकानाचा मोह पडतो त्याचे कार्ड घेऊ नकोस. जिथे तू एरवीही वाणसामान घेतेस, तिथले घे. वार्षिक शुल्क नाही ना, आणि परतफेडीची नोंद तिन्ही संस्थांकडे जाते ना, हे आधी विचार. ज्याचे पैसे हातात आहेत तेवढेच घे, आणि दर महिन्याला सारे बिल चुकते कर. मोह आवरणार नसेल, तर अनामत ठेवून मिळणारे बँकेचे कार्ड बरे.’

‘पण हाती पैसे असून उधार घेणे हे सोंग नव्हे का?’ तिने विचारले. माझ्या मते नव्हे. दिलेला शब्द दर महिन्याला पाळून दाखवण्याची ती एक जागा आहे. सोंग तेव्हा होते, जेव्हा आकडा वाढतो आणि माणूस तोच राहतो.

आकड्याची मर्यादाही येथेच आहे. हप्ता चुकला हे त्याला कळते. आजारपणाने चुकला की चैनीने, हे कळत नाही. ते कळायला माणसे लागतात. १९०८ साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे सेंट मेरी धर्मग्रामातील गिरणी कामगारांसाठी अमेरिकेतील पहिली पतसंस्था सुरू झाली. १९१८ साली आपल्या वसईत बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचा आरंभ झाला. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा, हे अशा संस्थांचे मूळ बळ होते. आज आपल्या देशातही, २००० साली सिबिलची स्थापना झाल्यापासून, आकड्याचे राज्य आले आहे. त्यामुळे भाचीचा प्रश्न फार दूरचा राहिलेला नाही.

एक गोष्ट मनाला लागते. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यानुसार थकबाकीच्या बहुतेक नोंदी सात वर्षांनी अहवालातून वगळाव्या लागतात. दिवाळखोरीची नोंद फार तर दहा वर्षे राहते. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातील सातव्या वर्षीची कर्जमाफी यावरून आठवते. अर्थात तेथे ऋणच सुटत असे. येथे फक्त नोंद पुसली जाते. तरी कायद्याच्या आठवणीला निदान मुदत आहे. आपल्या मंडळीत मात्र एखाद्याच्या बापाने वीस वर्षांपूर्वी बुडवलेली उसनवारी आजही मुलाच्या लग्नाच्या बैठकीत निघते!

भाचीने वाणसामानाच्या दुकानाचे कार्ड घेतले आहे. महिन्यातून एकदा दूध, पाव आणि मुलांच्या वह्या ती त्यावर आणते आणि बिल येताच चुकते करते. तिची पत हळूहळू परत येईल. घसरलेल्या माणसाला पुन्हा उभे राहण्यासाठी दुकान जर लहानशी जागा देऊ शकते, तर आपण त्याला किती जागा देतो?