धरणे आणि सोडणे

आमच्या धर्मग्रामातील, महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने परवा आम्हांस विचारले, "फादर, इंग्रजीत 'पर्टिनॅशियस' म्हणजे चिकाटीचा की हट्टी?" शब्दकोशात त्यास दोन्ही छटा सापडल्या होत्या. सेमिनरीत शिकलेले लॅटिन अशा वेळी उपयोगी पडते. या शब्दाच्या मुळाशी 'टेनेरे', म्हणजे धरणे, हे क्रियापद आहे. 'पेर' हा उपसर्ग लागला की ते अखेरपर्यंत घट्ट धरणे होते. आपल्या आग्रह, दुराग्रह आणि सत्याग्रह या शब्दांतही 'ग्रह', म्हणजे धरणेच आहे. मग धरणे हा गुण की दोष?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला. चिकाटी हा मधला सद्गुण. अलीकडे कष्ट दिसताच सोडून देणारा मऊपणा, पलीकडे नको तेवढे धरून बसणारा हट्ट. हट्टाचे मूळ त्यांनी पोकळ मोठेपणात पाहिले. हट्टी मनुष्य मताच्या आडून स्वतःचा मोठेपणाच धरून बसतो.

आपल्या परभणीसह साऱ्या मराठवाड्याने हे अनुभवले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली. जवळजवळ सोळा वर्षे दोन्ही बाजू एकमेकींस हट्टी म्हणत राहिल्या. परंतु एकीने माणसाचा मान धरला होता. दुसरीकडील अनेकांनी शेजाऱ्याहून वरचढ राहणे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. बाबासाहेबांचे नाव आले, मराठवाड्याचेही राहिले. मागणीचा शब्द सैल झाला, मान सुटला नाही.

पापनिवेदनात राग येतो, खोटे बोलणे येते. हट्ट क्वचितच येतो, कारण तो तत्त्वाचा अंगरखा घालून वावरतो. बांधावरून अबोला धरलेले दोघे भाऊ म्हणतात, "प्रश्न जमिनीचा नाही, न्यायाचा आहे." आम्हीही शेतमजूर भगिनींनी विनवूनही मिस्साची वेळ वर्षभर बदलली नव्हती. त्यास आम्ही शिस्त म्हणत होतो. आपला शब्द मोडू नये, एवढेच खरे होते.

पेरणीत चाड्यावर मूठ धरणारी बाई बी घट्ट धरते, म्हणून ते सांडत नाही. बोटे सैल करते, म्हणून ते पेरले जाते. आपण काय धरून बसलो आहोत, बी की नुसती मूठ?