आधी वाट बांध, मग उडी मार

बस खाली. पुण्याहून सुट्टीला आलास, तुझा गेम मला दिलास, आणि मी तो तीन रात्री खेळलो. कौतुक तुला दुसऱ्यांनी ऐकवलं असेल. माझ्याकडे आज ते नाही.

गोष्ट काय घेतलीस तू? आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीचा पोरगा आजीनं दिलेली तेलाची कुपी घेऊन रात्री घरून निघतो. पहाटेआधी त्याला अशीरगडावर महादेवाच्या देवळात पोचायचं आहे, अश्वत्थाम्याच्या कपाळावरच्या जखमेसाठी तेल ठेवायचं आहे. हे सुचायला याच मुलखात वाढावं लागतं. अश्वत्थामा रोज पहाटे गडावर येऊन महादेवाला फूल वाहून जातो, हे इथल्या लेकराला कुणी शिकवत नाही. ते त्याला आपोआप ठाऊक असतं. आणि त्या गोष्टीचं तू केलंस काय? पोरगा अजून अंगणात उभा आहे तोच त्याच्या हाती नकाशा दिलास. नकाशावर अशीरगड पहिल्या मिनिटापासून उजळलेला. त्यावर एक टिचकी, की पोरगा गडावर. निघाला तेव्हा रात्रीचे दहा, पोचला तेव्हाही दहाच! मग पहाटेची धास्ती कुणाला? कुपी सांडेल ही काळजी कुणाला?

अश्वत्थाम्याला शाप कसला आहे, सांग बरं. रानोमाळ भटकण्याचा. ज्याच्या नशिबी नुसतं चालणं आलं, त्याच्या भेटीला निघालेल्या पोराला तू चार पावलंसुद्धा चालू दिलं नाहीस.

काल म्हणालास, ‘सर, लोकांना चालायचा कंटाळा येतो. नकाशावरची ही उडी, फास्ट ट्रॅव्हल, सगळेच देतात.’ सगळे काय देतात ते नीट बघितलंस का कधी? ‘ऑब्लिव्हियन’मध्ये २००६ साली मोठी शहरं नकाशावर सुरुवातीपासून खुली होती. तेवढंच तू उचललंस. पण तिथेही उडी मारली की मधले तास घड्याळातून जातात, ते उचलायला विसरलास. त्याच मालिकेतल्या ‘मॉरोविंड’मध्ये, २००२ साली, नकाशावर बोट ठेवून कुठेही जाता येत नव्हतं. भाडं भरून एका अवाढव्य किड्याच्या पाठीवर बसायचं, पुढे होडी धरायची, आणि थेट सोय नसेल तर मधल्या गावी उतरून दुसरं वाहन शोधायचं. एसटीनं हिंडलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या जगाचे रस्ते खेळणाऱ्याच्या डोक्यात बसले, ते या खटाटोपामुळे. ‘डार्क सोल्स’ २०११ चा. त्यात बराच काळ उडी मिळतच नाही. तास न् तास लढत गेल्यावर एक पाळणा खाली उतरतो आणि आपण जिथून निघालो त्याच जागी येतो. सगळं जग एकमेकांना जोडलेलं आहे हे तेव्हा कळतं. हा आनंद पायी आलेल्यालाच मिळतो.

आणि ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’? २०२४ चा गेम, जपान्यांनी केलेला. त्याचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी तुझ्या या सबबीला आधीच उत्तर देऊन ठेवलंय: प्रवास कंटाळवाणा नसतो, गेम कंटाळवाणा असतो म्हणून प्रवास तसा वाटतो. त्यांच्या गेममध्ये झटक्यात पोचवणारा दगड आहे, पण तो महाग, आणि एकदा वापरला की संपला. एरवी एका गावाहून दुसऱ्या गावी जायला काय ठेवलंय? बैलगाडी! पैसे देऊन मागे बसायचं, डुलकी काढायची, वाटेत राक्षस चालून आले तर उतरून लढायचं, आणि गाडी मोडली तर पुढे पायपीट. तिकडच्या माणसांना बैलगाडी सुचली आणि जसोंडीच्या पोराला सुचू नये? याचा मला राग आहे. खरा राग आहे.

तिसऱ्या रात्री मी नकाशा बंद ठेवला आणि तुझा पोरगा चालवत नेला. तेव्हा मला सगळं कळलं. वाटेवर काहीच नाही. केळीचं एकच झाड करून तेच हजार वेळा डकवलंयस. घडाच्या भारानं वाकलेलं खोड नाही, त्याला दिलेला बांबूचा टेकू नाही, उन्हाळी वादळात आडवी झालेली एखादी बाग नाही. बुऱ्हाणपुरात शिरलो तर एकाही गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट नाही. तापी नुसती निळी पट्टी. मी कुणाशी बोलू? कशाला थांबू? म्हणजे उडी तू खेळणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवलेली नाहीस. वाट बांधायचा कंटाळा तुला आला, आणि नाव त्याचं पुढे केलंस. वर्गातही हेच करायचास. उत्तराचा आकडा लिहायचास, मधल्या पायऱ्या गाळायचास.

मी उडीच्या विरुद्ध नाही, ध्यानात ठेव. दिवसाकाठी अर्धा तास मिळणाऱ्या माणसाला तीच वाट दहाव्यांदा तुडवायला लावणं हाही अन्यायच. पण उडी कुठून कुठे, कितीला, आणि काय केल्यावर मिळेल, हे ठरवणं तुझं काम आहे. त्यासाठी दुसऱ्यांच्या गेममधले चमकते खांब कशाला आणलेस? तुझ्या जिल्ह्यात कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमाराचं काम. मुघल सुभेदार खानखानाच्या अमदानीत तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या उतारावर मुरणारं पाणी हेरलं, जमिनीखालून बोगदा काढला आणि ते शहराला आणलं. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. वरून पाहिलं तर कुंड्यांची रांग, शंभरावर, विहिरीच्या तोंडांसारखी. एका कुंडीत आज पाळण्यानं ऐंशी फूट खाली उतरता येतं. तू तिथे सहलीला आला होतास, माझ्याबरोबर.

आता विचार कर. कुंडी पायी शोधली की ती उघडेल. एका कुंडीत उतरलं की दुसरीतून वर. पण पाणी डोंगराकडून शहराकडेच वाहतं, तेव्हा उडीही त्याच दिशेनं. परतताना झटपट, जाताना पायी. गडाकडे निघालेल्याला चालावंच लागेल, आणि तेल ठेवून दमून परतणाऱ्याला पाणी घरच्या वाटेला लावील. हा नियम समजावणारा एकही फलक लावावा लागणार नाही. सगळं डोळ्यांसमोर असताना तुला दिसलं नाही, कारण तू पाहिलं नाहीस.

सगळा जिल्हा उभा करायला माणसं नाहीत, हे रडगाणंही नको. तू शिकतोस त्याच पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ केला. अफाट नकाशा त्यांनी मांडलाच नाही. एका जागेतून पुढच्या जागेत नेलं, आणि भिंतींवरच्या चित्रांतून गोष्टी सांगितल्या. बुऱ्हाणपूर ते अशीरगड वीसेक किलोमीटर. तेवढंच घे. गेममध्ये तो रस्ता वीस मिनिटांचा कर, पण त्यातलं एकही मिनिट रिकामं ठेवू नकोस.

उद्या पहाटे गडाच्या पायथ्याशी जा. गाडी खाली लाव आणि वर पायी चढ. हातात तेलानं काठोकाठ भरलेली वाटी घे. कुठे पाय घसरला, कुठे दम लागला, कुठल्या वळणावर खालचे दिवे दिसायचे थांबले, कुठे तेल सांडलं, ते वहीत लिही. मोबाइलवर नको, वहीत. संध्याकाळी वही घेऊन ये. तो उजळलेला अशीरगड नकाशावरून पुसल्याशिवाय मात्र गेम परत माझ्यापुढे आणू नकोस.