हात न पोहोचणारे कोपरे



शनिवारी संध्याकाळी आपल्या धर्मग्रामातून फेरी मारली, तर बहुतेक अंगणांत एकच दृश्य दिसते. नळाची पाइप, बादली, फडके आणि गाडी. दुसऱ्या दिवशी मिस्साला जायचे असते ना! चर्चच्या आवारात ओळीने उभ्या असलेल्या त्या चकचकीत गाड्या पाहून आम्हालाही बरे वाटते. नवी गाडी आशीर्वादासाठी आणली जाते, तेव्हा आम्ही बॉनेटवर पवित्र पाणी शिंपडतो, आत संत ख्रिस्तोफरचे पदक लावलेले असते. दरवाजाच्या खालची कड मात्र आजवर आम्हाला कोणी दाखवली नाही, आणि आम्हीही ती पाहायला मागितली नाही.

धर्मगुरुनिवासाची गाडीसुद्धा आम्ही दर शनिवारी धुतो. वरून पाणी, मग शाम्पू, मग फडके. वीस मिनिटांत काम आटोपते. पावसाळा संपल्यावर ती गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने मागचा दरवाजा उघडला, खालच्या कडेवर बोट दाबले आणि बोट सरळ आत गेले.

"फादर, वरून गाडी नवी दिसते. पण दार खालून खाल्लंय," तो म्हणाला.

झाले होते ते असे. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दरवाजात उतरतच असते. ते बाहेर जावे म्हणून खालच्या कडेला लहान भोके ठेवलेली असतात. माती आणि पाचोळ्याने ती बुजली की पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. त्यात आपला किनाऱ्यावरचा खारा वारा. मीठ लागलेला ओला पत्रा लवकर गंजतो. बाहेरच्या रंगाला फोड येतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून सगळी जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्यावर आपला सारा भरवसा!

त्या मिस्त्रीने आम्हाला गाडी धुवायला नव्याने शिकवले. गाडी सावलीत घ्यावी, पत्रा तापलेला नसावा. आधी भरपूर पाणी सोडून वाळूचे कण वाहू द्यावेत, कारण कोरड्यावर घासले की ओरखडे पडतात. पक्ष्याची विष्ठा खरवडू नये. ओले फडके थोडा वेळ ठेवून ती मऊ होऊ द्यावी. भांड्यांचा साबण वापरू नये, तो गाडीवरचे मेण काढून टाकतो. मग रंगाऱ्याचा मऊ ब्रश घ्यावा, त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळावी म्हणजे ती रंगाला लागत नाही, आणि एकेक कोपरा गाठावा. पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू, बिजागऱ्या, रबराच्या पट्ट्यांखालची खाच, वायपरखाली अडकलेला पाचोळा, नंबरप्लेटची मागची बाजू, चाकावरच्या कमानीची आत वळलेली कड. दरवाजाची भोके प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करावीत. चाकांजवळचे फडके पुन्हा छतावर नेऊ नये. शेवटी सगळी दारे उघडून कडा पुसाव्यात.

पहिल्या दिवशी आम्हाला दोन तास लागले. बादलीतले पाणी पाहून स्वयंपाकाच्या मावशींनी विचारले, "फादर, ही गाडी दर शनिवारी धुतात ती हीच ना?"

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू परूश्यांना वाटी आणि ताट बाहेरून घासण्याबद्दल खडसावतात. त्या उताऱ्यावर आम्ही कितीतरी वेळा प्रवचन दिले आहे, नेहमी दुसऱ्या कोणाकडे तरी पाहून. मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द व कृती यांनी केलेली पापे कबूल करतो, आणि त्यापाठोपाठ जे करायचे राहून गेले तेही. तो शेवटचा शब्द आपण घाईत उरकतो. प्रायश्चित्त संस्काराला येतानाही रागावलो, खोटे बोललो, मिस्सा चुकला, हे वरचे पत्रे आपल्याला पाठ असतात. आम्हाला ते मिस्त्रीच्या बोटामुळे आठवले.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही याच गाडीने निघतो. आपल्या धर्मग्रामाच्या टोकाला, वाडीच्या पलीकडे एक आजी राहतात. तिथवर गाडी जात नाही. पावसात बांधावरून चालावे लागते, चिखल होतो. जूनमध्ये आम्ही म्हटले, पुढच्या महिन्यात जाऊ. जुलैत तसेच, ऑगस्टमध्येही तसेच. कोणी तक्रार केली नाही. आमच्या वहीत मात्र आजाऱ्यांच्या भेटी पूर्ण झाल्याची नोंद होती.

गॅरेजमधून आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही पायी गेलो. आजी खाटेवर बसल्या होत्या. समोरच्या टेबलावर इस्त्री केलेले पांढरे कापड, क्रूस आणि दोन मेणबत्त्या. तो मंगळवार होता. आम्ही विचारले, "आजी, आज हे कसं काय?"

सून म्हणाली, "फादर, मे महिन्यापासून काढू देत नाहीत. म्हणतात, पाऊस कमी झाला की फादर येतील, कधी येतील सांगता येत नाही."

आम्ही माफी मागितली. आजींनी ती ऐकली की नाही कोण जाणे, त्या मेणबत्त्या पेटवायला सुनेला खुणावत होत्या.

ज्या घरांपर्यंत गाडी जात नाही आणि जिथे आजारी वा वृद्ध माणसे आहेत, त्यांची नावे कृपया या आठवड्यात धर्मगुरुनिवासात कळवावीत. शेजाऱ्यांनी कळवली तरी चालतील. येत्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्या घरांपासून सुरुवात करू.